उशाशी बसलेली

हन्ना भिंगारदिवे लहान असताना तिला वाटायचं, सगळ्यांच्या आयांना ईथरचा वास येतो. तिची आई रोझीबाई तिसगावच्या अलीकडच्या एका छोट्या मिशन इस्पितळात नर्स होती. ऑपरेशनच्या दिवशी घरी आली की तो गोडसर, घशात बसणारा वास तिच्या केसांत, पदरात आणि तिने थापलेल्या भाकरीतसुद्धा असायचा. वडील शमुवेल मास्तर जेवताना नाक मुरडायचे, पण बोलायचे नाहीत. हन्नाला मात्र त्या वासाने झोप छान लागायची.

इस्पितळात भूल द्यायला वेगळा डॉक्टर नव्हता. भूल रोझीबाईच द्यायच्या. तारेची जाळी, तिच्यावर गॉजच्या घड्या, जाळी नाकातोंडावर धरायची आणि बाटलीतून ईथरचे थेंब सोडत राहायचं. ईथर चढताना माणूस बरळतो. एक मास्तर पाढे म्हणायला लागले होते, एक म्हातारा शेतकरी आपल्या कधीच्या मेलेल्या बैलांना नावं घेऊन हाका मारत होता. इतर नर्सा तोंडाला पदर लावून हसायच्या, रोझीबाई हसत नसत. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं, असं त्या म्हणत. घरी त्यातलं एक अक्षर त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि न सांगण्यामुळेच हन्नाला लहानपणी त्या बंद खोलीची भीती वाटायची. आत माणसं झोपतात आणि त्यांच्या तोंडून कोणीतरी बोलतं, एवढंच तिला कळलं होतं.

हन्ना शाळेत हुशार निघाली, पुण्याला डॉक्टरीला लागली. पुढे कशातली डॉक्टर व्हायचं हा प्रश्न तिच्या घरात कधी निघालाच नाही. बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टर. रोझीबाईंनी तिचे हात लहानपणीच निरखून ठेवले होते. पंजा अरुंद, बोटं लांब. अडलेल्या बाईला असाच हात लागतो, असं त्या शेजारणींना सांगायच्या.

कॉलेजात इंटर्नशिप संपत आली तशी कोण कशात जाणार याची चर्चा मेसमध्ये रोज चालायची. एकाच्या वडिलांचं सर्जरीचं हॉस्पिटल होतं, पाटीवर त्याच्या नावापुरती जागाही सोडलेली होती. एकीचं लग्न डोळ्यांच्या डॉक्टरशी ठरलं म्हणून तिने डोळे घेतले. एकाने कातडीचे रोग घेतले, कारण त्यात रात्री उठवायला कोणी येत नाही आणि रोगी मरतही नाही आणि बराही होत नाही. मुलींनी बाळंतपण नाहीतर मुलांचे रोग घ्यायचे, हे कोणी म्हणत नसलं तरी ठरलेलं होतं. या सगळ्या उतरंडीच्या अगदी तळाशी भूल. ज्याला कुठेच जागा मिळाली नाही तो भुलीत जायचा. पाटीवर त्याचं नाव लागत नाही, रोग्याला त्याचा चेहरा आठवत नाही. हन्नाही या गमतीत हसायची. तिचं ठरलेलं होतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप आटोपून ती घरी आली. बाळंतशास्त्राच्या जागेसाठी अर्ज जायला थोडा अवधी होता, आणि अर्जासोबत मिशन इस्पितळाच्या डॉ. विल्सन आढावांची शिफारस लागणार होती. डॉ. विल्सन म्हातारे, सडपातळ, कमी बोलणारे. हाडापासून हर्नियापर्यंत सगळं एकटे करत आले होते. बायकांची डॉक्टर म्हणून हन्ना इथे परत येणार, या भरवशावर त्यांनी निवृत्ती लांबवत नेली होती. मधल्या दिवसांत त्यांनी तिला मदतीला बोलावलं. रोझीबाईंच्या हाताला कंप सुटला होता, थेंब मोजून पडेनात. ईथरची बाटली हन्नाच्या हातात आली. तिला ते काम कंटाळवाणं वाटे. सगळं चाललेलं असायचं टेबलाच्या मधल्या भागाशी, आणि आपण डोक्याशी स्टुलावर बसून कोणाची तरी हनुवटी वर धरून ठेवायची.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. इस्पितळाची विहीर आटली होती, टँकर येई तेव्हा पाणी. झाडावर पाखरू दिसत नव्हतं. दुपारी बारानंतर वारासुद्धा पडायचा आणि पांढऱ्या उन्हात आवार असं दिसायचं, की इथे कोणी राहत होतं ते सोडून गेलं आहे.

अशाच एका दुपारी दुष्काळी कामावरच्या खडीच्या ट्रकमधून एक बाई आणली. नाव मालन. कळा आदल्या दिवसापासून सुरू होत्या आणि मूल आडवं होतं. नवरा गोरक्ष तिला उतरवून जो लिंबाच्या बुंध्याशी जाऊन बसला तो मान वर करीना. सोबत सासू बनुबाई. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. रडत नव्हती, काही मागत नव्हती. सुनेपेक्षा सुनेच्या गळ्याकडेच तिचं लक्ष होतं.

ऑपरेशनला घेताना दागिने काढायचे असतात. हन्नाने बांगड्या काढल्या, डोरलं काढलं. मग काळ्या दोऱ्यातला एक चांदीचा टाक हाताला लागला. त्यावर बाईचं चित्र ठोकलेलं, झिजून नाकडोळे गेलेले. मालनने कळ सोसता सोसता तो मुठीत धरला.

"ह्यो नगं बाई. बाकी समदं घ्या."

हन्ना त्याच भागातली. तिला सांगावं लागलं नाही. पहिली बायको मेली असली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक बांधतात. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, गोडाधोडाचा पहिला घास टाकाला. नाहीतर थोरली रुसते, संसार टिकू देत नाही. मुलावर तर तिचा डोळा असतोच.

डॉ. विल्सननी आतून विचारलं, अजून किती वेळ. त्यांना असल्या गोष्टींचा वैताग होता आणि वेळही नव्हता. हन्नाने दोरा कापला आणि टाक बनुबाईच्या हातात दिला. बनुबाईने मूठ मिटली नाही. उघड्या तळव्यावर निखारा ठेवल्यासारखी ती त्याकडे बघत राहिली, मग पदराच्या टोकाला गाठ मारून तो त्यात बांधला आणि दाराबाहेर भिंतीला टेकून बसली.

हन्नाने जाळी ठेवली. थेंब सोडायला लागली. हळू श्वास घे, म्हणाली. मालन आधी खोकली, हात झाडले, आया साळूबाईने ते धरून ठेवले. मग ती बरळायला लागली. आत्या, शेरडी सुटली, आत्या, दार लावा. सासूला ती आत्या म्हणायची. मग तेही थांबलं. श्वास लांब झाला.

हन्ना पुढचे थेंब सोडणार तेवढ्यात जाळीखालून आवाज आला. मालनचा आवाज बारीक, घाबरा होता. हा तसा नव्हता. दिवसभराची कामं उरकून उंबऱ्यावर टेकलेली बाई जशी शेजारणीशी बोलते, तसा तो दमलेला आणि निवांत होता.

"बाई, तू इथंच बस बरं का. उठू नको. मागल्या टायमाला समदे लेकराकडं पळाले. मी मागं राहिले."

हन्नाने साळूबाईकडे बघितलं. साळूबाईच्या हातांवर काटा आलेला तिला स्पष्ट दिसला. मालनचं हे पहिलंच बाळंतपण होतं, मागली खेप नव्हतीच. आणि लेकरू, टायम असं ती मघापासून काहीच बोलली नव्हती. ती श्रीगोंद्याकडची. ही बोली पलीकडची, बीडच्या अंगाची होती.

हवा यावी म्हणून दार किंचित उघडं ठेवलेलं होतं. त्या फटीतून बनुबाईचा आवाज आला. अंगात आलेल्या बाईला विचारतात तसा, खालच्या पट्टीत, ठाम.

"कोन हायस तू?"

जाळीखालचे ओठ हलले.

"वळखलं न्हाई व्हय, मामी?"

साळूबाईने जाऊन दार लावून घेतलं. डॉ. विल्सननी वर न बघता सांगितलं, ईथर बोलतंय, थेंब वाढव. हन्नाने वाढवले. तो आवाज पुन्हा आला नाही. पण ऑपरेशन संपेपर्यंत तिला सारखं वाटत होतं की तिच्या पाठीशी, भिंत आणि स्टूल यांच्यामधल्या हातभर जागेत, कोणीतरी वाट बघत उभं आहे. तिने मागे वळून पाहिलं नाही. भूल देणाऱ्याने मान वळवायची नसते, रोग्यावरची नजर काढायची नसते, हे तिला त्या दिवशी फार सोयीचं वाटलं.

मुलगा झाला. निपचित होता, साळूबाईने पाठ चोळली तसा किंचित रडला. टाके घालून झाले. मालनला शेजारच्या खोलीत खाटेवर ठेवलं, मुलाला तिथेच पडद्यापलीकडे साळूबाईपाशी. तिला शुद्ध यायला अजून अवकाश होता. दरम्यान खडीच्या कामावर सुरुंगाचा दगड लागलेला एक माणूस बाहेर आणला, डॉ. विल्सन हात धुऊन तिकडे गेले. हन्ना मालनच्या उशाशी बसली. दोन बोटं जबड्याखाली, हनुवटी वर. श्वास नीट चालला होता. दुपार पेंगत होती. खिडकीबाहेर लिंबाची सावली बुंध्याशी गोळा झाली होती आणि तिच्यात गोरक्ष तसाच बसलेला होता.

मग पडद्यापलीकडून साळूबाईने हाक मारली, "बाई, प्वार काळं पडलंय."

हन्ना उठली. उठताना ते 'उठू नको' तिच्या कानात होतं. नव्हतं, असं तिने नंतर कधीच म्हटलं नाही. होतं, आणि तरी ती उठली. कारण मूल गुदमरत असेल तर बाळंतपणाची डॉक्टर मुलाकडे धावते, तिचे पाय तसे तयार झालेले असतात. मालनचा रंग चांगला होता, श्वास चांगला होता. दोन मिनिटांचं काम. एकच गोष्ट ती विसरली. भुलीतल्या माणसाला सोडून उठावंच लागलं तर आधी त्याचं डोकं एका कुशीला वळवायचं, म्हणजे तोंडात काही आलं तर बाहेर ओघळतं, घशात उतरत नाही. हे तिला पुस्तकाने शिकवलं होतं आणि आईनेही. तिने डोकं सरळ, छताकडे तोंड करून ठेवलं आणि गेली.

मुलाच्या घशात चिकट स्राव अडकला होता. रबरी नळी घालून तो तोंडाने ओढून काढावा लागला. तळपायांवर टिचक्या मारल्या, पाठ चोळली. काळसर रंग हळूहळू तांबूस झाला. ती त्याच्या छातीवर कान ठेवून ऐकत होती तेव्हा पडद्याच्या त्या बाजूने, खाटेकडून आवाज आला. रिकाम्या घागरीत पाणी भरताना येतो तसा.

बनुबाई खाटेशी उभी होती. हातात तांब्या, अर्धा रिकामा.

मालनचं डोकं मात्र छताकडे नव्हतं. डाव्या कुशीला पार वळलेलं होतं, गाल गादीवर, तोंडाचा कोपरा खाली. त्यातून पाणी आणि फेस चादरीवर वाहत होता. चेहरा निळा पडलेला. पुढचा वेळ हन्नाला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. डोकं खाली यावं म्हणून साळूबाईने खाटेच्या पायथ्याखाली विटा सरकवल्या. पायाने दाबायच्या पंपाची नळी हन्नाने घशात घातली, पाणी निघत राहिलं. पाठीवर थापट्या मारल्या. एकदा श्वास थांबला असं वाटलं, मग एक घुसमटलेला खोकला आला आणि त्यानंतर श्वास, फाटलेल्या भात्यासारखा, पण चालू.

नळी बाजूला ठेवून हन्नाने बनुबाईला विचारलं, "डोकं कुणी वळवलं?"

"म्या न्हाई."

"मग?"

"म्या निस्तं पानी घातलं तोंडात. तिनं मागितलं."

"ही शुद्धीवर नव्हती. कुणी मागितलं?"

बनुबाईने पदराच्या गाठीवर हात ठेवला. "थोरलीनं," ती म्हणाली.

थोरलीचं नाव रतन. आष्टीकडची, बीडच्या अंगाची. तिकडे सासूला मामी म्हणतात, तशी ती बनुबाईला मामी म्हणायची, आणि त्या घरात मामी म्हणणारी ती एकटीच होती. चार वर्षांपूर्वी ती घरीच बाळंत झाली. मूल रडेना. सुईण, बनुबाई, जावा, सगळ्या त्या मुलाला घेऊन चुलीपाशी बसल्या, कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी परात वाजवली. मागे बाजेवर रतनला रक्त जात राहिलं. ती पाणी मागत होती. ओल्या बाळंतिणीला पाणी देत नाहीत, वात होतो, पोट सुटतं, असं सगळ्या मानतात, बनुबाईही मानत होती. म्हणून दिलं नाही. मूल गेलं, आणि बायका मागे वळल्या तेव्हा रतनही गेलेली होती.

हे सगळं बनुबाईने आवाज न चढवता सांगितलं. मालन घरात आल्यापासून सणावाराला ती तिच्या गळ्यातल्या टाकावर पळीभर पाणी सोडायची. आज तिने दारातून आवाज ऐकला, आणि हन्ना उठून पडद्यामागे गेल्यावर पुन्हा ऐकला. मामी, पाणी. या वेळी ती चुकणार नव्हती.

"तवा दिलं न्हाई म्हनून ती गेली," बनुबाई म्हणाली. "आता दिलं तर ही चालली व्हती. मंग आमी करावं तरी काय, सांगा."

हन्नाने मालनच्या जबड्याखाली पुन्हा दोन बोटं ठेवली.

पाणी छातीत उतरलेलं होतं ते उतरलेलंच होतं. मालनला ताप चढला. छाती भरली. कितीतरी दिवस ती राहते की जाते अशी होती. हन्ना घरी फक्त अंघोळीला जायची. बनुबाईला तिने खोलीत यायला मना केलं नाही, पण तांब्या बाहेर ठेवायला लावला, आणि बनुबाई तो मुकाट्याने ठेवायची. गोरक्ष दिवसातून एकदा दारात येऊन उभा राहायचा, मुलाकडे बघायचा, बायकोकडे बघायचा आणि परत जायचा. एकदाच त्याने विचारलं, बाई, हीपण जाती का? हन्ना म्हणाली, मला माहीत नाही. तो म्हणाला, ठीक हाय.

मग एका सकाळी ताप उतरला. मालनने डोळे उघडले आणि खोलीभर नजर फिरवली.

"ती कुठं गेली?"

"कोण?"

"उशाशी बसल्याली."

"मीच होते," हन्ना म्हणाली.

मालनने मान हलवली. "तुमी न्हवं. तुमी उठून गेल्या. मंग ती आली. तिनं माझ्या गालाखाली हात घातला अन् तोंड आडवं केलं. लई गार हात व्हता तिचा."

शेजारीण वाटी परत द्यायला येऊन गेली, हे सांगावं तितक्याच साधेपणाने ती सांगत होती. तिला भीती वाटली नव्हती. त्या उन्हात तो हात बरा वाटला, असंही म्हणाली. मग मूल मागितलं. हन्नाने ते आणून दिलं, आणि व्हरांड्यात जाऊन उन्हात उभी राहिली.

डॉ. विल्सननी तिचं सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मालन त्या घरात दोन वर्षं थोरलीच्या गोष्टी ऐकत आली, तिची बोली, तिची मामी ही हाक, तिचं मरण, सगळं तिच्या कानावरून गेलेलं. ईथरने ते बाहेर आलं. पाणी घशात गेल्यावर शरीर आपसूक मान वळवतं. तापात माणसाला कोणीही उशाशी दिसतं, आणि हात गार वाटतो. हन्नाला यातलं सगळं पटलं. एका शब्दालाही तिला हरकत घ्यायची नव्हती. फक्त, तिच्या मनात येई, शरीर आपसूक वळलं असेल तर ते नशीब. आणि आपसूक वळलं नसेल तर कोणीतरी तिथे होतं. दोन्हीपैकी काहीही खरं असो, तिथे हन्ना नव्हती.

अर्ज पाठवायची वेळ आली. डॉ. विल्सननी शिफारसपत्र लिहायला कागद पुढे ओढला, बाळंतशास्त्र हा शब्द लिहिण्याआधी हन्ना म्हणाली की तिला भुलीची जागा हवी आहे.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. पहिल्यांदा त्यांना वाटलं ती घाबरली आहे. मालन वाचली, मूल वाचलं, मग घाबरायचं कशाला, असं ते तिला समजावत राहिले. मग त्यांचा आवाज बदलला. त्यांनी विचारलं की इथल्या बायकांनी कुठे जायचं. किती वर्षं ते तिची वाट बघत होते ते त्यांनी सांगितलं नाही, तरी ते खोलीत होतंच.

"भूल काय," शेवटी ते म्हणाले, "कंपाउंडरसुद्धा देतो."

"देतो ना, डॉक्टर. तसंच चाललंय." हन्नाचा आवाज चढला नाही. "बाळाकडे धावायला सगळे असतात. मीपण धावले. डोक्याशी कोण असतं?"

त्यांनी लेखणी पुन्हा उचलली. मग लिहिलं, सही केली आणि कागद तिच्याकडे न देता टेबलावर सरकवला. त्यांनी शेवटपर्यंत तिला माफ केलं नाही. हन्नालाही ते कळत होतं. त्या इस्पितळात पुढे बरीच वर्षं बाई डॉक्टर आली नाही, आणि अडलेल्या बायका नगरपर्यंत जीपमध्ये जात राहिल्या. काही पोहोचल्या, काही नाही. या हिशेबाचं काय, असं कोणी विचारलं तर हन्ना तो नाकारायची नाही. तिने निवडलेल्या गोष्टीची किंमत तिला माहीत होती.

घरी सांगणं याहून अवघड गेलं. रोझीबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली. मग म्हणाल्या, "हात वाया घालवलेस." शमुवेल मास्तर पानावरून उठून बाहेर गेले. रोझीबाईंनी विस्तव मागे ओढला. वीस-बावीस वर्षं त्यांनी ईथरचे थेंब सोडले होते, कोणाच्या तोंडून काय काय ऐकलं होतं, आणि हन्नाने त्यांना आजवर त्यातलं काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी प्रश्न त्यांनीच विचारला.

"साळूबाई सांगत होती. तू गेल्यावर डोकं वळलेलं होतं. खरंच त्या थोरलीने वळवलं असेल?"

"मला माहीत नाही, आई."

"मग कुणासाठी भुलीत चाललीस तू?"

हन्ना ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत राहिली. "तिला माझ्या जागी बसावं लागलं," ती म्हणाली. "मेलेल्या बाईला. ते बरं नव्हे."

रोझीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तव्याकडे. पण त्या रात्री त्या हन्नाच्या अंथरुणाशी येऊन बराच वेळ बसल्या, हे हन्नाला झोपेत कळलं, की तसं वाटलं, हे तिला नक्की सांगता येत नाही. सकाळी आई नेहमीसारखीच होती.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर बायका आवारात घोळका करून उभ्या होत्या. कोणीतरी विचारलं, हन्ना आता बाळंतपणाची मोठी डॉक्टर होऊन येणार ना? रोझीबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि सांगितलं की मार्क थोडे कमी पडले, त्यामुळे तिला भूल मिळाली. बायकांनी चुकचुकून हळहळ व्यक्त केली. एकीने हन्नाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, असू दे गं, देवाची इच्छा.

हन्ना म्हणाली, "हो मावशी," आणि आईची बायबलची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून रस्त्याला लागली.